डावं-उजवं

सोनोग्राफीच्या खोलीत मी फार कमी बोलते. घरच्यांना हे पटत नाही. नवरा म्हणतो, दिवसभर चाकणला तोंडाला कुलूप लावतेस आणि पिंपळे सौदागरला आल्यावर त्याचा वचपा काढतेस. त्याचं अगदीच चुकत नाही, पण कुलूप लावल्यावाचून इलाजही नसतो. पोटात मुलगा आहे की मुलगी हे सांगणं गुन्हा आहे, तसा भला मोठा फलक माझ्या दारावर आहे, आणि तो फलक वाचून आत आलेली माणसंच माझ्या तोंडाकडे टक लावून बसतात.

सरळ विचारणारे आता फारसे उरलेले नाहीत. आता आडून विचारतात. एकानं विचारलं, "मॅडम, पाळणा कुठल्या रंगाचा आणू?" मी म्हटलं, "लाकडाच्या." दुसऱ्याला म्हणे नवा फ्लॅट घ्यायचा होता आणि मुलींची शाळा जवळ असावी की नसावी याबद्दल माझं मत हवं होतं. मी म्हटलं, पाण्याची सोय बघा. जे विचारत नाहीत ते निरखतात. मी हसले तर मुलगा, गंभीर दिसले तर मुलगी. रिपोर्ट सोमवारी दिला तर मुलगा आणि शुक्रवारी दिला तर मुलगी, असंही मध्यंतरी कुणीतरी पसरवलं होतं, म्हणून मी रिपोर्ट हातोहात देऊन टाकते. निळं पेन वापरत होते. जाता जाता एक बाई दुसरीला म्हणाली, निळ्यानं लिहिलंय, काळजी नको. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर फक्त काळी पेनं असतात. भिंतीवरचं बाळकृष्णाचं कॅलेंडरसुद्धा उतरवलं, देवाची क्षमा मागून.

मराठी भाषेनं मात्र माझी मोठी सोय करून ठेवली आहे. बाळ हा शब्द नपुंसकलिंगी. ते हलतंय, ते झोपलंय, त्याचं डोकं खाली आहे. इतकी वर्षं मी या एका 'ते'वर सगळी वेळ निभावून नेली. आई लहानपणी आम्हा भावंडांना वाढताना म्हणायची, माझ्या हातून डावं-उजवं व्हायचं नाही. एकाला झुकतं माप आणि दुसऱ्याला हात आखडता, असं नाही. मीही माझ्या कामात कधी डावं-उजवं केलं नाही, असं मी चार लोकांत मिरवायचे. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते माझ्या बाबतीत कसं झालं ते सांगते.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये चाकणच्या पुढच्या एका गावातल्या सासू-सुना माझ्याकडे आल्या. सून तेवीस-चोवीस वर्षांची, माहेर बीडकडचं, लग्नाला सात-आठ महिने झालेले. नवरा कंपनीत फर्स्ट शिफ्टला, म्हणून सासू घेऊन आली होती. सासू पन्नाशी ओलांडलेली, अंगानं दणकट, डोक्यावरचा पदर जरासुद्धा ढळू न देणारी. मी नातेवाइकांना आत घेत नाही. पण ती पोर टेबलावर चढेचना, दाराबाहेरच्या सासूकडे बघत राहिली. "आत्यांना येऊ द्या की मॅडम," म्हणाली. तिच्याकडे बघून मला नाही म्हणवेना. पेशंटला बघता यावं म्हणून भिंतीवर लावलेला मॉनिटरचा पडदा मी बंदच ठेवला आणि सासूला पायाशी स्टुलावर बसवलं.

तेरावा आठवडा होता. बाळ उत्तम होतं. ठोके नीट, नाकाचं हाड दिसत होतं, हात तोंडाशी. तेवढं मी सांगितलं. बाळ दिसलं की सगळ्यांचे डोळे बाळावर खिळतात, बघणाऱ्या डॉक्टरचेसुद्धा, आणि आजूबाजूचं बघायचं राहून जातं. मला शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, पाहुणा बघून झाला की घराचे कोपरेही बघून या. म्हणून मी दोन्ही अंडाशयं बघते, न चुकता. उजवं बदामाएवढं, जिथल्या तिथं. डावीकडे प्रोब नेला आणि माझा हात थांबला.

तिथे मोसंबीएवढं काहीतरी होतं.

गरोदरपणात अंडाशयावर फुगी दिसणं यात नवल नाही. सुरुवातीचे दोन-अडीच महिने गर्भाला टिकवणारं संप्रेरक तिथेच तयार होतं, आणि काम झालं की फुगी आपली आपण विरून जाते. तिच्यात पाणी असतं आणि पाणी पडद्यावर काळंभोर दिसतं. इथलं आतलं काळं नव्हतं. धुरकट करडं होतं, आंघोळीनंतर आरशावर वाफ धरते तसं. जुनं साकळलेलं रक्त असं दिसतं. तेवढंच असतं तरी मी निवांत राहिले असते. पण आतल्या भिंतीवर तीन उंचवटे होते, आणि रंगीत डॉप्लर लावल्यावर त्या उंचवट्यांत रक्त फिरताना दिसलं.

एरवी हे कॅन्सरचं लक्षण. पण बाई गरोदर असली की हेच लक्षण फसवतं. गर्भाशयाचं अस्तर गरोदरपणात जाड आणि मऊ होतं. तसलंच अस्तर काही बायकांच्या अंडाशयावर चुकून वसलेलं असतं, आणि गर्भ राहिला की तेही जाड होतं, त्यालाही रक्त पुरायला लागतं. म्हणजे साधी गाठ कॅन्सरचं सोंग घेऊन बसते. या पोरीचे उंचवटे गोल आणि गुळगुळीत होते, पोत गर्भाशयाच्या अस्तराशी मिळताजुळता होता, पोटात पाणी साठलेलं नव्हतं. माझं मन सोंगाकडे झुकत होतं. पण मन झुकणं म्हणजे निदान नव्हे. चार आठवड्यांनी परत बघणं हाच मार्ग होता. सोंग असेल तर तेवढंच राहील, खरं असेल तर वाढेल. आणि ऑपरेशन करायची वेळ आलीच तर ती चौथ्या-पाचव्या महिन्यात करायची, पुढे पिशवी इतकी वाढते की हात घालायला जागा राहत नाही. घाई केली तर बाळ जायची भीती आणि उशीर केला तर आई.

एवढं सगळं माझ्या डोक्यात होतं. तोंडाशी मात्र एकच अडचण होती, गाठ या शब्दाची. आमच्याकडे गाठ म्हटलं की बायका पुढचं काही ऐकतच नाहीत, त्यांच्या लेखी गाठ म्हणजे कॅन्सर आणि कॅन्सर म्हणजे संपलंच. एकीला मी अगदी निरुपद्रवी गाठीबद्दल सांगत होते, तर ती टेबलावरच बेशुद्ध पडली. तेव्हापासून मी तो शब्द गिळते. सविस्तर सांगायचं काम पाठवणाऱ्या डॉक्टरचं, असा आमच्या व्यवसायातला रिवाजही आहे आणि तो सोयीचाही आहे. म्हणून मी पोरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ती डावीकडे आहे. घाबरायचं नाही. आत्ता काही करायचं नाहीये, पण लक्ष ठेवावं लागेल. चार आठवड्यांनी परत या, उशीर करू नका. मध्येच पोटात जोराची कळ आली तर तडक निघून या."

सासूनं स्टूल पुढे ओढलं. "डावीकडं?"

"हो."

"नक्की?"

"नक्की," मी जरा फणकाऱ्यानंच म्हणाले. माझं डावं-उजवं कधी चुकत नाही, याचाही मला अभिमान.

ती उठली आणि सुनेच्या पोटावरची जेल तिनं आपल्या पदरानं पुसली. मी कागदी रुमाल पुढे केला होता, तो तिनं घेतलाच नाही. मला वाटलं, कसली हट्टी बाई आहे.

त्यांना पाठवणारी स्त्रीरोगतज्ज्ञ माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. तिला मी लगेच फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, उद्याच पाठव, मी नीट समजावते. मी बाहेर येऊन सासूला बजावलं आणि माझ्यापुरतं काम संपलं असं धरून पुढच्या पेशंटला आत घेतलं.

चार आठवडे गेले, वर चार दिवस गेले. मग मैत्रिणीचाच फोन आला. "तुझी ती डावी ओव्हरी कुठे आहे? माझ्याकडे तर आलीच नाही."

"आली नाही म्हणजे कधीपासून?"

"एकदाही नाही."

मी फॉर्म काढला. त्यावर सासूचा नंबर होता. रिसेप्शनवरच्या ताईंनी लावला तर पलीकडून 'राँग नंबर' म्हणून कट. मग मी माझ्या फोनवरून लावला. "ह्यो राँग नंबर हाय," असं ठासून सांगून बाईनं फोन ठेवला. तो आवाज मी ओळखला. 'नक्की?' असं विचारणारा तोच आवाज होता.

रिसेप्शनवरच्या ताई चाकणच्याच, जुन्या गावठाणातल्या. दुपारी डबा खाताना मी त्यांच्यापाशी तणतणत होते, की लोकांना इतकं बजावून सांगितलं तरी कळत नाही. "काय सांगितलं व्हतं तुमी?" त्यांनी सहज विचारलं. मी शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी हातातली भाकरी डब्यात ठेवली.

"म्याडम, तुमी 'ती डावीकडं हाय' म्हनलात? सासूच्या म्होरं?"

"हो. का?"

"अवो, डावीकडं म्हंजी पोरगी. उजवीकडं म्हंजी पोरगा. आमच्याकडं शेंबड्या पोरालाबी ठावं हाय ह्ये. आन वर तुमी 'ती' म्हनलात."

घास माझ्या हातातच राहिला. गाठ स्त्रीलिंगी. मी गाठ गिळली होती आणि तिचं सर्वनाम तेवढं बाहेर पडलं होतं. पेन बदललं, कॅलेंडर काढलं, सोमवार-शुक्रवार सांभाळले, आणि शेवटी व्याकरणानं माझा घात केला. जे मी जन्मात कुणाला सांगितलं नाही ते मी एका सासूला आधी 'हो' आणि वर 'नक्की' म्हणून सांगितलं होतं, आणि ते खरं की खोटं हे मलाच ठाऊक नव्हतं. आता ती सून बेपत्ता होती. तिला गाठ आहे हे तिलाच माहीत नव्हतं, हातात दिलेला रिपोर्ट इंग्रजीत होता. पाचवा महिना लागत आला होता. आणि त्या घरानं मुलगी आहे असं धरून काय केलं असेल, याचा विचार मला करवेना. मी घाबरले होते, साधं सरळ घाबरले होते. डबा मी तसाच झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या आणि फॉर्मवरचा पत्ता घेऊन निघाले. तळेगाव चौकात नेहमीप्रमाणे कंटेनर अडकलेले. मी गाडीत एकटीच होते म्हणून बरं, नाहीतर माझ्या तोंडची भाषा ऐकून कुणी मला डॉक्टर म्हटलं नसतं. अर्धा राग ट्रॅफिकचा, पाऊण स्वतःचा.

घर शोधायला वेळ लागला नाही. रस्त्यालगत नवं दुमजली घर, मागे कंपन्यांतल्या कामगारांना भाड्यानं दिलेल्या पत्र्याच्या खोल्यांची रांग, दोरीवर वाळत घातलेले गणवेश. पुढच्या ओसरीवर दोन वयस्क पुरुष खुर्च्या टाकून बसले होते. एक सासरा, दुसरा त्याचा थोरला भाऊ, हे मला नंतर कळलं. सासू मागच्या खोल्यांपाशी लसूण सोलत बसली होती. मला बघून ती आधी ओसरीकडे बघू लागली, मग झटकन उठून तिनं माझा दंड धरला आणि मला पाण्याच्या टाकीमागे नेलं.

"सून कुठे आहे?" मी विचारलं.

"हळू बोला, म्याडम."

"हळू नाही बोलणार. कुठे आहे ती?"

"आईकडं हाय तिच्या. आखाडाला धाडलीय. पहिला आखाड हाय न्हवं तिचा."

नवी सून पहिल्या आखाडात माहेरी जाते, हा रिवाज आहे आणि त्यावर कुणी काही विचारत नाही. पण मीही पंचांग बघूनच निघाले होते. "आखाड लागून पंधरा दिवस झालेत. ती तर महिना झाला डॉक्टरकडे फिरकलेली नाही."

"व्हय. लवकर धाडली."

"खरं सांगा मला. मूल आहे ना?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की माझीच मान खाली गेली. "हाय. ऱ्हावं म्हनून तर धाडली," ती म्हणाली.

मग ती बोलायला लागली, आवाज न चढवता, मुठीत राहिलेल्या लसणाची पाकळी अंगठ्यानं सोलत. "थोरली पोरगी झाली तवा जिलबी वाटली आमी. तळेगावला दिलीय तिला. तिच्यामागनं दोनदा मला डाक्टरकडं न्हेलं. लांब, शहरात. दोन्ही बारीला त्यो बाहेर आला आन ह्यांना म्हनला, डावीकडं हाय. येवढंच. मला कुनी काय इचारलं न्हाई. तिसऱ्या बारीला उजवीकडं म्हनला, तवा मला नीट घरी आनलं." उजवीकडचा तो आता या सुनेचा नवरा. "तुमी डावीकडं म्हनलात आन मला त्यो डाक्टर आठवला. ह्यांच्या कानावर गेलं असतं तर तिलाबी कुठंतरी न्हेली असती. कायदा हाय, समदं हाय, पर न्हेनारे न्हेत्यात. पोरालाबी सांगितलं न्हाई मी. पोट दिसाया लागल्याबगर आनायचीच न्हाई म्हनलं. तुमचा फोन आला तर वाटलं, तुमी घरात सांगून बसाल."

मी तिला काय समजून आले होते, आणि ती काय निघाली. टाकीच्या भिंतीला टेकून मी उभी राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायचं मला सुचलंही नाही.

"मावशी," मी म्हणाले, "चूक माझी आहे. मी 'ती' म्हणाले ते बाळाला नाही. गाठीला म्हणाले. सुनेच्या डाव्या अंडाशयावर गाठ आहे."

"गाठ?"

"हो. गाठच. मी हा शब्द म्हणायला भ्याले. तुम्हाला वाटेल कॅन्सर, म्हणून भ्याले. बहुतेक कॅन्सर नाहीये. पण परत बघितल्याशिवाय मला खात्रीनं सांगता येत नाही, आणि बघायचे दिवस हातातून चाललेत. तिला उद्याच्या उद्या आणा."

तिनं हातातली पाकळी पुरती सोलून काढली. मग म्हणाली, "म्हंजी पोरगी न्हाई?"

"मला माहीत नाही. मी बघितलंच नाही. आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं."

"मंग पोर कुठल्या अंगाला हाय तिचं?"

"मधोमध," मी म्हणाले. "पिशवी मधोमध असते. पोर पिशवीत असतं. मुलगा असो, मुलगी असो, प्रत्येक बाईचं पोर मधोमधच असतं. डाव्या-उजव्याचा काही संबंध नाही. तो डॉक्टर फक्त खूण करत होता."

"माझ्याबी मधीच व्हत्या?"

"हो. तुमच्याही."

"मधीच व्हत्या," ती स्वतःशीच म्हणाली. हातातल्या लसणाच्या पाकळ्या तिनं ओच्यात बांधल्या, डोळे पुसले आणि म्हणाली, "म्या सोता जाऊन आनते."

तिसऱ्या दिवशी ती एसटीनं सुनेला घेऊन आली. माझी मैत्रीण तिची ओपीडी सोडून माझ्या खोलीत येऊन उभी होती. पोर टेबलावर झोपली आणि तिनं सासूचा हात धरला. या वेळी मी भिंतीवरचा पडदा चालू केला आणि बाळ सोडून फक्त गाठ दाखवली. ही गाठीची भिंत, हे आत साकळलेलं रक्त, हे उंचवटे. मापं मी दोनदा घेतली. गाठ तेवढीच होती. उंचवटे तीनच होते, तसेच गोल, तसेच गुळगुळीत, एक मिलिमीटरसुद्धा वाढलेले नव्हते. मी मैत्रिणीकडे बघितलं, तिनं मान हलवली. तिनं खबरदारी म्हणून एमआरआयही करून घेतला आणि तोही आमच्याच बाजूनं बोलला. कापायचं नाही, वाट बघायची असं ठरलं.

"वाट बघाया आमाला जमतं," सासू म्हणाली.

पुढे दर चार आठवड्यांनी त्या यायच्या. माझ्या रिसेप्शनमध्ये सासू दारातूनच खड्या आवाजात विचारायची, "म्याडम, आमची गाठ वाढली का वो?" बाकड्यावरच्या बायका दचकून बाजूला सरकायच्या. सून मात्र हसायची. तिला गाठ या शब्दाची भीती राहिली नव्हती, आणि मलाही. आता मी सगळ्याच पेशंटना गाठ असली तर गाठ म्हणते, मग ती कसली आहे ते सांगते, आणि 'ती' हे सर्वनाम त्या खोलीत वापरत नाही. एखादी घाबरली तर तिला पाणी देते आणि परत पहिल्यापासून सांगते. त्याला वेळ लागतो.

हिवाळ्यात ती बाळंत झाली. दोघं सुखरूप आहेत एवढा मैत्रिणीचा निरोप आला. काय झालं ते मी विचारलं नाही. न विचारायची सवयच लागली आहे, आणि खरं तर धीरही झाला नाही. मुलगी झाली असती तर गावभर झालं असतं की मॅडम डावं-उजवं सांगतात, आणि त्यांचं डावं खरं निघतं.

मार्चमध्ये शेवटची तपासणी होती. बाळंतपणानंतर हार्मोन उतरले की सोंग उतरायला हवं. उतरलं होतं. तिन्ही उंचवटे गेले होते. गाठीची भिंत साफ होती आणि गाठ आकसून लिंबाएवढी राहिली होती. "गाठ आहे," मी मोठ्यानं म्हणाले, "लहान झालीय. कॅन्सर नाही, नव्हताच." सून इतके महिने माझ्यासमोर कधी रडली नव्हती, ती तेव्हा टेबलावर पडल्या पडल्या रडली. सासूनं तिच्या पोटावरची जेल पुसली. या वेळी तिनं माझ्या हातातला कागदी रुमाल घेतला.

बाहेर आल्यावर सासूनं पिशवीतून तीन पुडे काढून रिसेप्शनच्या टेबलावर ठेवले. पहिल्यात पेढे होते.

"नातवाचं हायती," ती म्हणाली.

"म्हणजे डावीकडचा नातू," मी चिडवलं.

"मधला," तिनं माझी चूक दुरुस्त केली.

बाकीचे दोन पुडे तिनं स्वतः सोडले. दोन्हींत जिलबी होती. आमच्याकडे मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की जिलबी, हे सांगायला नको. रिसेप्शनवरच्या ताईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं. सासू बाकड्यावर बसलेल्या बायकांना एकेक करून जिलबी द्यायला लागली. कुणाला तिनं वगळलं नाही. हात आखडताही घेतला नाही.

एका पोटुश्या बाईनं जिलबी हातात घेतली आणि विचारलं, "कुनाला पोरगी झाली, मावशी?"

"मला," ती म्हणाली. "दोन."